उरुसाचा गलेफ, परवानगीचा अर्ज आणि चाँदची तारीख – माझा अनुभव

मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला आमच्या गावातनं दरवर्षी गलेफ, म्हणजे मजारवर (कबरीवर) चढवायची चादर, जातो. आजोबांच्या आधीपासून जातोय. गावात आधी हलगी-घुमक्यावर वेशीपर्यंत मिरवणूक, मग टेम्पोनं मिरज. गेल्या उरुसाला पहिल्यांदाच सगळी जबाबदारी माझ्याकडं होती, आणि गलेफ शिवणं, पोरं गोळा करणं, टेम्पो ठरवणं हे सगळं आठ दिवसांत उरकलं. अडकलं ते मिरवणुकीच्या परवानगीत. कुठल्या ऑफिसात ते लिहीत नाही, पण तो राग अजून गेलेला नाही म्हणून हे सविस्तर लिहितोय, दुसऱ्या कुणाचे तरी हेलपाटे वाचावेत.

पहिल्याच दिवशी टेबलावरच्या माणसानं सांगितलं, अर्ज एक महिना आधी द्यायचा. मी म्हटलं ठीक, अजून पस्तीस दिवस आहेत, वेळेत आलोय. अर्जात मार्ग, वेळ, स्वयंसेवकांची नावं, आधारचे झेरॉक्स, वाद्यं कुठली, सगळं लिहिलं. तारखेच्या रकान्यात कॅलेंडरवरची तारीख लिहून पुढं "चंद्रदर्शनानुसार एक दिवस पुढे-मागे" असं लिहिलं. त्यांनी तेवढ्या ओळीवर बोट ठेवलं आणि अर्ज परत सरकवला.

"अंदाजे चालत नाही. नक्की तारीख लिहा."

"साहेब, महिन्याचा चाँद दिसल्यावर तारीख पक्की होते."

"मग चाँद दिसल्यावर या."

"पण तुम्हीच एक महिना आधी म्हणताय ना?"

यावर उत्तर नाही, पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला. आता बघा, चांद्र महिना २९ नाहीतर ३० दिवसांचा. म्हणजे चाँद दिसल्यावर उरुसाला पूर्ण महिना कधीच उरत नाही. यांचे दोन्ही नियम पाळायचे म्हटलं तर चाँदवर ठरणारा एकही उरूस परवानगीत बसणार नाही. हे मी शांतपणे समजावून सांगितलं, दुसऱ्या फेरीला परत सांगितलं. दुसऱ्या फेरीला म्हणाले दुसऱ्या एका खात्याचं ना हरकत पत्र आणा, तिथं गेलो तर ते म्हणाले आधी त्यांची परवानगी दाखवा. तिसऱ्या फेरीला टेबलावरचा माणूस रजेवर. चौथ्या फेरीला मी दीड तास बाकावर बसलो होतो, शेजारी लग्नाच्या वरातीची परवानगी काढायला आलेले एक मामा होते, त्यांचं दहा मिनिटांत झालं कारण त्यांच्याकडं छापील पत्रिका होती, तारखेसकट. त्या दिवशी बाहेर येऊन गाडीला किक मारताना हात थरथरत होता माझा. मागायला काय गेलो होतो? दोन तास, दीड किलोमीटर रस्ता.

त्या मामांच्या पत्रिकेवरनंच सुचलं. मी नवा अर्ज लिहिला, त्यात तारीख एक न लिहिता दोन लिहिल्या, "अमुक किंवा तमुक, दोन्ही दिवसांसाठी परवानगी मिळावी". गलेफ घेऊन जाणाऱ्या पंचांच्या सह्यांचं पत्र, गेल्या वर्षीच्या परवानगीची झेरॉक्स आणि उरुसाचं जुनं पत्रक जोडलं. आणि टेबलावर न देता थेट आवक-जावक खिडकीत दिला, शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. ही पोच सगळ्यात महत्त्वाची, पहिल्या दिवशीच घ्यायला हवी होती. मग तो क्रमांक घेऊन मोठ्या साहेबांना भेटलो. त्यांनी वाचलं, विचारलं, "दरवर्षी जातो ना गलेफ?" हो म्हटलं. सही केली. पाच मिनिटं. त्यांच्या सहीखाली आमच्या पहिल्या अर्जात होती तशीच "चंद्रदर्शनानुसार" ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली, तेव्हा खरं सांगतो, डोळे भरून आले.

अजून एक, स्पीकर लावणार असाल तर त्याचा वेगळा अर्ज लागतो. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, आणि वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देता येते. ते दिवस कुठले ते आपल्या जिल्ह्यात आधी विचारून घ्या, उरूस त्यात असेलच असं धरून चालू नका. आम्ही स्पीकर लावलाच नाही. हलगीला कशाला हवा?

चाँद दिसला, दोनपैकी दुसरी तारीख पक्की झाली. गलेफ हिरव्या साटीनचा, जरीची किनार, मधे चंद्रकोर आमच्या आज्जीनं स्वतः टाकलेली, टाके जरा मोठे आलेत कारण तिला आता नीट दिसत नाही. चार कोपरे चार जणांनी धरून डोक्यावर घेतलेला, दारादारातनं बायका त्यावर फुलं आणि रेवड्या टाकत होत्या, खालून चालताना कापडातनं उजेड हिरवा दिसतो आणि उदाचा वास आत कोंडून राहतो. मिरजेत पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, तो आधी चढतो, बाकीचे गलेफ त्यामागं. हे पिढ्यानपिढ्या असंच आहे आणि असंच राहावं. आम्ही रांगेत होतो. दर्ग्याची सेवा करणाऱ्या मुजावर चाचांनी गलेफ हातात घेतला, एकदा झटकला आणि मजारवर पसरला, आज्जीची चंद्रकोर बरोबर मधोमध आली. प्रसादाच्या मलिद्याची पुडी आणि मोरचेलाचा (मोरपिसांच्या कुंच्याचा) स्पर्श घेऊन बाहेर आलो.

डोक्याला रुमाल घरूनच न्या, तिथं गर्दीत शोधत बसावं लागतं. चपलांसाठी पिशवी पण.

आणि रात्री परत फिरू नका. थोर गवई खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ ला गेले, त्यांची कबर दर्ग्याच्या आवारातच आहे, आणि उरुसात त्यांच्या नावानं तिथं गाणं होतं. मोठमोठे गवई सेवा म्हणून गायला येतात. तंबोरे तिथनं हाकेच्या अंतरावर बनतात, मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन पण मिळालं. आम्ही टेम्पोतली सतरंजी काढून मागं बसलो. सोबतची पोरं झोपली, मी नाही झोपलो. खिशात तो परवानगीचा कागद तसाच होता, घामानं ओला झालेला.

पुढच्या वर्षी उरूस दहा-अकरा दिवस अलीकडं येणार. दोन तारखांचा अर्ज लिहून ठेवलाय, कुणाला नमुना हवा असेल तर सांगा, पाठवतो.