सहा वर्षांच्या हाताची गिटार

सहा वर्षांच्या एका मुलीसाठी मी छोटी इलेक्ट्रिक गिटार बनवत होतो. तारा चढवायचा दिवस होता आणि संध्याकाळी गिटार द्यायची होती. सकाळी साडेदहाला सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली, ट्यूनरची सुई बरोबर मध्यावर. तीच तार बाराव्या फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीवर, दाबून वाजवली तर सूर चौदा सेंट चढलेला. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की त्यातला एक म्हणजे सेंट. चौदा सेंट म्हणजे ऐकणाऱ्याला सहज खटकतील इतके. सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार जिथे टेकते तो तुकडा, मागे घ्यायला स्क्रू फिरवला. दोन-तीन आटे फिरला आणि थांबला. स्प्रिंग पूर्ण दाबली गेली होती, सॅडलला मागे सरकायला जागाच उरली नव्हती.

चूक माझी होती. ब्रिज बसवताना मी मोठ्या गिटारचा हिशोब धरला होता: पहिल्या तारेचं सॅडल स्केलच्या, म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीच्या, मापावर आणि सहाव्या तारेसाठी, दाबल्यावर सूर चढतो त्याची भरपाई म्हणून, मागे साधारण तीन मिलिमीटर. 648 मिलिमीटरच्या, म्हणजे साडेपंचवीस इंची गिटारवर तेवढं पुरतं. ही गिटार होती 514.3 मिलिमीटरची. स्केल लहान केलं म्हणून ही भरपाई लहान होत नाही, उलट वाढते. तार दाबताना ती जितकी खाली जाते ती उंची तेवढीच राहते, लांबी मात्र कमी झालेली असते, त्यामुळे त्या मानाने ताण जास्त पडतो. त्यात लहान गिटारला जाड तारा लावाव्या लागतात आणि जाड तार दाबली की सूर जास्त चढतो. या लांबीवर सॅडल एक मिलिमीटर मागे घेतलं की साधारण सव्वातीन ते साडेतीन सेंट उतरतात. म्हणजे मला अजून चार मिलिमीटर हवे होते.

जाड तारांबद्दल आधी सांगतो, कारण गैरसमज इथेच सगळ्यात जास्त आहे. मुलीच्या आईने पहिल्याच भेटीत म्हटलं होतं, "दादा, नाइनचा सेट लावा ना, तिची बोटं नाजूक आहेत." नाइनचा सेट म्हणजे पहिली तार 0.009 इंचाची असलेला पातळ सेट. मोठ्या गिटारवर हे अगदी बरोबर. पण स्वर तोच ठेवून लांबी कमी केली की तारेचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 648 वरून 514 वर आलं की ताण 63 टक्के उरतो. 0.009 इंचाची पहिली तार मोठ्या गिटारवर जवळजवळ सहा किलोने ताणलेली असते, इथे पावणेचार किलोवर येते. ती लोंबते, फ्रेटवर खडखडते आणि बोट जरा आडवं पडलं की बेसूर होते. 0.011 ची तार इथे साडेपाच किलोच्या आसपास बसते, म्हणजे बोटाला मोठ्या गिटारवरच्या नाइनपेक्षाही किंचित मऊ. त्या ताईंना मी दोन्ही तारा लावून दाखवल्या, तेव्हा पटलं. काही जण पातळ तारा ठेवून सूरच ईऐवजी जी स्वरापर्यंत चढवतात. त्यानेही ताण भरून येतो, पण मग शिकवणाऱ्याच्या गिटारशी सूर जुळत नाही. मुलीला शिकवणीला बसायचं असेल तर नेहमीचंच ई ट्युनिंग हवं, असं माझं मत आहे.

514.3 हा आकडा कुठून आला? 648 च्या फ्रेटबोर्डवर चौथ्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंतचं अंतर नेमकं इतकं असतं. खाचा पाडलेला तयार फ्रेटबोर्ड घ्यायचा, नटाच्या, म्हणजे डोक्याजवळ तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिच्या बाजूने चौथ्या खाचेवर कापायचा, की प्रत्येक फ्रेटची जागा काढायला उरलेली लांबी 17.817 ने भागत बसायला नको. बावीसपैकी अठरा फ्रेट उरतात. घेताना ठिपके नसलेलाच घ्यावा. ठिपक्यांचा घेतला तर पाचव्याचा ठिपका पहिल्या फ्रेटवर येतो, बाराव्याचा आठव्यावर, आणि मूल चुकीच्या जागा पाठ करतं. कापल्यावर तो रुंदही वाटतो, म्हणून दोन्ही कडा रंध्याने उतरवून नटाशी 38 मिलिमीटर केला. त्याहून अरुंद केलं तर ई कॉर्डला तीन बोटं एकमेकांवर चढतात. मोठ्या गिटारवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत 97 मिलिमीटर अंतर असतं, इथे 77. सहा वर्षांच्या हाताला तेही ताणूनच पोचतं, पण पोचतं. करायला घेण्यापूर्वी मोठ्या गिटारच्या चौथ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून मुलाला बसवून बघावं. माप तिथेच कळतं, लाकूड वाया जात नाही.

बॉडीला शिवण वापरलं, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेलं. जाडी 35 मिलिमीटर, नेहमीपेक्षा जवळपास एक सेंटिमीटर कमी. गळा सागाचा, तीन पट्ट्या चिकटवून. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी जोडाच्या बाजू थिनरने पुसाव्या लागतात, नाहीतर जोड वर्षभरात उलतो. गळा तारांच्या ताणाने वाकू नये म्हणून आत घालायची सळई, म्हणजे ट्रस रॉड, इतक्या छोट्या गळ्यात बसेल अशी सहज मिळत नाही. तारांचा एकूण ताण तीस-पस्तीस किलोच असल्याने कार्बनच्या दोन पट्ट्या पुरल्या. पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारं चुंबकी यंत्र, अखंड पट्टीचा घेतला. सुट्या खिळ्यांचा पिकअप मोठ्या गिटारच्या तारांच्या अंतराचा असतो, इथे कडेच्या तारा खिळ्यांवर येत नाहीत आणि आवाज कमी-जास्त लागतो. पट्टीला ती अडचण नाही. बटण एकच, आवाजाचं, 500 किलोओहमचं.

वजनाचा घोळ आधीच निस्तरला होता. बॉडी हलकी आणि तारा ताणायच्या खुंट्या मोठ्या गिटारच्या, त्यामुळे पट्ट्यावर टांगली की डोकं खाली जायचं. मुलाचा डावा हात मग गळा सावरण्यात अडकतो, तार दाबायला मोकळा राहत नाही. बंद खोक्याच्या खुंट्या काढून उघड्या दात्यांच्या लावल्या, सहा मिळून ऐंशी ग्रॅम वाचले. बॉडीचं वरचं शिंगासारखं टोक लांबवून पट्ट्याची गुंडी बाराव्या फ्रेटच्या रेषेत आणली. हे पॉलिशच्या आधी टांगून बघायचं असतं. नंतर बॉडीचा आकार बदलता येत नाही.

तर सहावी तार. स्प्रिंग काढून टाकली तर दीड-दोन मिलिमीटर मिळतात, पण मग सॅडल सैल राहून खरखरतं आणि तरीही दोन मिलिमीटर कमीच. ब्रिज पूर्ण मागे घेणं भाग होतं. अकरा वाजता फोन करून सांगितलं की आज गिटार मिळणार नाही, पण मुलीला घेऊन या. ब्रिज उघडायचाच आहे, तर त्याआधी तिचा हात तारांवर बघून घेऊ.

आली, खुर्चीवर बसली, गिटार मांडीवर नीट बसली. तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला बोट ठेवून तिने दाबलं. नुसतं बोट नव्हे, खांद्यापासून सगळा हात दाबला, नख पांढरं पडलं. "काका, हे दुखतं." ट्यूनरवर सूर बावीस सेंट वर. तेच मी दाबलं तर नऊ. माझ्या हाताने सूर लावून मी ही गिटार दिली असती तर तिच्या हातात ती रोज बेसूर वाजली असती.

कारणं दोन होती. पहिल्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर वर होती. मोठ्या गिटारवर एवढं चालून जातं; इथे नटाला लागून पहिला फ्रेट 29 मिलिमीटरवरच येतो, तार वाकवायला जागाच नसते. दुसरं, तिसरी तार 0.018 ची साधी होती आणि साधी जाड तार सगळ्यात जास्त चढते. तिच्यासमोरच नटाच्या खाचा कानशीने उतरवल्या. दोन-तीन घासे, तार परत बसवायची, फीलर गेजच्या पातळ पात्यांनी फट मोजायची, पुन्हा घासे. जाड तारांना 0.3, बारीक तारांना 0.25 मिलिमीटर. यात घाई केली की एक घासा जास्त होतो, मोकळी तार फ्रेटला लागून झणझणते आणि नट नवा करावा लागतो. तिसरी तार बदलून वळ्याची 0.020 लावली, आतली तार बारीक असल्याने ती कमी चढते. मुलीने पुन्हा दाबलं. सात सेंट. तिने मान वर करून बघितलं आणि तोच स्वर चार-पाच वेळा वाजवला.

त्या गेल्यावर ब्रिज काढला. नवी भोकं जुन्यांपासून चारच मिलिमीटरवर येणार होती. तशीच पाडली असती तर जुन्यात घसरली असती आणि स्क्रू ताणाने पुढे सरकत राहिले असते. म्हणून जुनी भोकं सहा मिलिमीटरची करून त्यात सागाच्या लाकडी खुंट्या फेविकॉल लावून ठोकल्या आणि रात्रभर ठेवल्या. सुपरग्लू आणि भुसा भरून तासाभरात काम होतं, पण ब्रिजच्या स्क्रूंना मी ते करत नाही, तिथे सगळा ताण येतो. सकाळी खुंट्या पटाशीने सपाट केल्या, ब्रिज चार मिलिमीटर मागे मांडला, पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जागी दोरा ताणून गळ्याच्या मध्याशी जुळवला, मग अडीच मिलिमीटरची भोकं पाडली. तारा चढवल्या. सहावीचं सॅडल साडेसात मिलिमीटर मागे जाऊन थांबलं, बाराव्या फ्रेटवर सूर जुळला आणि मागे अजून दोन आटे शिल्लक होते. वजन भरलं 1 किलो 940 ग्रॅम.

झाकण लावण्यापूर्वी मागच्या खळग्यात पेन्सिलीने लिहून ठेवलं: 514.3, अकरा ते एकोणपन्नास, तिसरी वळ्याची 0.020. पुढच्या वेळी तारा बदलणारा नाइनचा सेट लावायला निघेल, त्याच्यासाठी.