तोब्रुक घेतलं खरं, पण पुढं पेट्रोलच नाही

गेले दोन महिने रात्री साडेदहानंतर माझं एकच काम चाललंय, उत्तर आफ्रिकेचं वाळवंट. कॉम्प्युटरवरचा वॉरगेम, हेक्सचा म्हणजे षटकोनी घरांचा नकाशा, आळीपाळीनं टर्न, आणि मी दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सेनापती रोमेलच्या बाजूनं म्हणजे जर्मन-इटालियन. फेब्रुवारी १९४१ ला त्रिपोलीत उतरायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं पूर्वेला इजिप्तकडं सरकत जायचं. तीनदा खेळलो, तिन्ही वेळा इजिप्तमधल्या अल अलामेनपाशी अडकून हरलो. तिसऱ्या वेळी तर माझ्याकडं ब्रिटिशांपेक्षा जास्त टँक होते, पण सगळ्यांच्या डोक्यावर लाल ठिपका, म्हणजे पुरवठा संपला, हलता येत नाही आणि लढायची ताकद निम्म्यावर. समोरचा येतो आणि एकेक युनिट उचलून नेतो, आपण बघत बसायचं.

गेमचं नाव लिहीत नाही कारण हे गणित जवळजवळ सगळ्याच वाळवंटी मोहिमांच्या गेममध्ये सारखं असतं, बटणं तेवढी वेगळी.

चौथ्यांदा सुरू करायच्या आधी गावी गेलो होतो, कागलकडं. तिथं अण्णा असतात, माझे थोरले चुलते. दोन ट्रॅक्टर आहेत, हंगामात ऊस वाहतूक करतात, मागं डबल ट्रॉली लावून. जेवताना म्हणत होते की यंदा पैसे सुटेनात. मी म्हटलं अण्णा, ट्रॅक्टर तर दोन्ही चालू आहेत की, मग? तर म्हणाले, "दोन हाईत रं, पण फड लांब गेला की दोनाचा एकच ऱ्हातोय." म्हणजे जवळचा फड असला की दिवसात दोन खेपा होतात, लांबचा असला की कशीबशी एक, त्यात काट्यावर नंबर लागेपर्यंत यार्डात थांबायचं ते वेगळंच, आणि डिझेल मात्र दुप्पट. ट्रॅक्टर तोच, ट्रॉली तीच, ड्रायव्हर तोच. अंतर वाढलं की गाड्या आपोआप कमी होतात.

ते वाक्य ऐकलं आणि मला माझ्या तिन्ही मोहिमा कुठं गेल्या ते तिथंच ताटावर कळलं.

रात्री कागद घेऊन बसलो. समजा एक ट्रक आहे आणि त्यात २० लिटरचे १०० जेरीकॅन, म्हणजे २,००० लिटर पेट्रोल. समजा शंभर किलोमीटरला ३० लिटर खातो. त्रिपोली ते अलामेन अंतर साधारण २,२०० किलोमीटर, जाऊन येऊन ४,४००. झालं, १,३२० लिटर त्यानं स्वतःच प्यायलं. आघाडीवर पोचलं ६८०. दिवसाला २०० किलोमीटर धरले तर एका खेपेला २२ दिवस. आता तेच पेट्रोल वाटेतल्या बेनगाझी बंदरात उतरलं तर जाऊन येऊन २,००० किलोमीटर, ६०० लिटर वाटेत, १,४०० हातात. आणि त्याच्याही पुढच्या, इजिप्तच्या सरहद्दीजवळच्या तोब्रुक बंदरातून निघालं तर अंतर साडेपाचशेच्या आसपास, जाऊन येऊन अकराशे, म्हणजे जवळजवळ कोल्हापूरहून बेंगळुरूला जाऊन यायचं तेवढं, खेप सहा दिवसांत पुरी आणि वाटेत फक्त ३३० लिटर. ट्रक तोच!! त्रिपोलीहून महिन्याला दीड खेपसुद्धा होत नाही, तोब्रुकहून पाच होतात. म्हणजे तोब्रुकचा एक ट्रक हा त्रिपोलीच्या आठ-नऊ ट्रकांच्या बरोबरीचा. हे गणित मी तीन मोहिमा हरून एकदाही केलं नव्हतं.

आणि हे माझं कागदावरचंच आहे असं नाही. खऱ्या युद्धात आफ्रिकेत उतरलेल्या पेट्रोलपैकी ३० ते ५० टक्के त्रिपोली आणि आघाडीच्या मधेच जळत होतं. एका जर्मन मोटराइज्ड डिव्हिजनला, म्हणजे गाड्यांवरच्या मोठ्या सैन्यदलाला, पाण्यासकट दिवसाला साडेतीनशे टन माल लागायचा. गाड्यांपैकी तिसरा हिस्सा कायम दुरुस्तीला, कारण वाळू इंजिनात जाते. वर बंदरांचं दुखणं. बेनगाझीत कागदोपत्री दिवसाला २,७०० टन उतरवता यायचे पण ब्रिटिश विमानं बॉम्ब टाकत असल्यामुळं प्रत्यक्षात ७००-८०० च्या वर क्वचितच जायचं. तोब्रुकचं तसंच, क्षमता १,५०० आणि हातात येणार जेमतेम ६००. गेममध्ये बंदर जिंकलं की लगेच हिरवं दिसतं आणि आपण खूश होतो, पण त्याच्यावर माउस नेऊन आकडा बघा एकदा, निम्म्याहून कमी असतो.

दुसरी गोष्ट रस्त्याची. लिबियात किनाऱ्यालगत इटालियनांनी १९३७ पर्यंत एक पक्का रस्ता पुरा केला होता, व्हिया बाल्बिया. एकच. रेल्वे नाही म्हटलं तरी चालेल. सगळा माल त्याच्यावरून आणि विमानं पण त्याच्यावरच टपलेली. एकच रस्ता असणं म्हणजे काय हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९, पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आणि पाणी ५५ च्या वर गेलेलं, शिरोलीजवळ हायवेवर पाणी, पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद. पलीकडं ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या, दूध होतं, भाजी होती, टँकर होते, सगळं होतं, पण आत येत नव्हतं. पंपावर जे काही उरलं ते ॲम्ब्युलन्स आणि बचावकार्याच्या गाड्यांना राखून ठेवलं. माझ्या गाडीत अर्धी टाकी होती आणि मी राजारामपुरीतून पाच दिवस गाडी बाहेर काढली नाही, आईचं औषध आणायला पण चालत गेलो. तेव्हा जो हिशोब डोक्यात सतत चालू असायचा, हे आत्ता वापरलं तर परवा काय, तोच हिशोब या गेममध्ये प्रत्येक टर्नला करायचा असतो आणि मी तो सोडून टँक खरेदी करत बसलो होतो.

माझा एक मित्र आहे, तो माझ्या आधीपासून हे गेम खेळतो, रंकाळ्यावर फिरायला भेटतो. तो पहिल्या मोहिमेपासून सांगत होता, "भावा, टँक लय घेतोस, त्यांना पाजणार कोण?" तेव्हा मला वाटायचं हा जपून खेळणारा गडी आहे, म्हणून असं बोलतोय. बरोबर होता.

मग चौथ्यांदा काय केलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे नवीन टँकचे पॉइंट पहिले आठ टर्न ट्रकांवर घातले. एक पण टँक नाही. दुसरं, इटालियन पायदळाच्या डिव्हिजन, ज्यांच्याकडं स्वतःच्या गाड्याच नव्हत्या, त्या पुढं ओढल्या नाहीत. आधी मी हावरटासारखा सगळं सैन्य पुढं न्यायचो, नकाशावर बरं दिसतं, भिंत उभी राहते. पण प्रत्येक डिव्हिजन खाते, पाणी पिते, लढो न लढो. त्यांना बंदरांजवळ आणि रस्त्याच्या नाक्यांवर बसवलं, माल जिथं उतरतो तिथंच खातील. पुढं फक्त गाड्यांवरचं सैन्य. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जड गेलं, ते म्हणजे थांबायचं. हल्ल्याच्या आधी तीन टर्न काही करायचं नाही, पुढं साठा करायचा. ब्रिटिशांनी डिसेंबर १९४० मध्ये इटालियनांवर हल्ला केला तेव्हा आधीच वाळवंटात पुढं जाऊन माल पुरून-झाकून ठेवला होता, सैन्य थोडं होतं पण फेब्रुवारीपर्यंत सव्वा लाखावर कैदी घेतले. त्या सैन्यात आपली चौथी इंडियन डिव्हिजन पण होती, सुरुवातीच्या लढाईत.

पाण्याबद्दल थोडं. टंचाईच्या काळात माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे साडेचार लिटर, आणि त्यातच पिणं, चहा, स्वयंपाक, दाढी, कधी गाडीचा रेडिएटरसुद्धा. माझ्या गेममध्ये पाणी वेगळं मोजत नाहीत, पुरवठ्यातच धरतात. १९७० च्या दशकाच्या शेवटी एसपीआय या अमेरिकन कंपनीनं 'द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका' नावाचा बोर्डगेम काढला होता, त्यात इटालियन सैन्याला पास्ता उकळायला जादा पाणी द्यायचा नियम होता! लोक त्याच्यावर हसतात, मला मात्र तो नियम करणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटतो, त्यानं जेवणाचा विचार केला. डब्यांचंही तसंच. जर्मनांचा जेरीकॅन दणकट होता आणि ब्रिटिशांचे सुरुवातीचे चार गॅलनचे पत्र्याचे डबे इतके गळायचे की ३० टक्क्यांपर्यंत पेट्रोल वाळूत जायचं. लढाईतल्या शौर्याच्या गोष्टी सगळे सांगतात, डब्याच्या झाळकामाची कोणी सांगत नाही.

आता मुख्य मुद्दा, तोब्रुक. २१ जून १९४२ ला खऱ्या रोमेलनं तोब्रुक घेतलं तेव्हा त्याला सुमारे २,००० गाड्या, ५,००० टन अन्न आणि १,४०० टनांच्या वर पेट्रोल मिळालं. आधी ठरलेलं असं होतं की इजिप्तच्या सरहद्दीवर थांबायचं आणि ब्रिटिशांच्या ताब्यातलं माल्टा बेट घ्यायचं, कारण माल्टावरूनच विमानं आणि पाणबुड्या त्याची जहाजं बुडवत होत्या. तिकडचा वरिष्ठ जर्मन सेनापती केसेलरिंग थांबा म्हणत होता. पण हातात एवढं घबाड आलेलं बघून रोमेल पुढं निघाला आणि दहा दिवसांत अलामेनला पोचला, आणि तिथंच संपला. ऑगस्टच्या शेवटी अलामेनजवळच्या अलाम हाल्फाला हल्ला केला तेव्हा त्याच्या नावानं निघालेले टँकर समुद्रात बुडत होते.

माझ्या तिन्ही मोहिमा तंतोतंत अशाच गेल्या होत्या. तोब्रुक पडलं की स्क्रीनवर पुरवठ्याचा आकडा एकदम उडी मारतो, आणि तो आकडा बघून डोकं फिरतं. पण तो एकदाच मिळालेला माल असतो, रोज येणारा नाही. बोनस मिळाला म्हणून महिन्याचा हप्ता वाढवून घेण्यासारखं आहे ते.

या वेळी इजिप्तच्या सरहद्दीवर, सोलुमला थांबलो. खरंच थांबलो. तिथल्या हल्फाया घाटात पायदळ बसवलं, विमानं सगळी माल्टाकडं वळवली, मिळालेलं पेट्रोल हल्ल्यात न घालता ते ट्रकांना दिलं आणि बेनगाझी ते तोब्रुक अशा खेपा सुरू केल्या. सहा टर्न काही घडलं नाही. त्या सहा टर्नमध्ये ब्रिटिश वाढतात हे खरंय, त्यांना मागं अलेक्झांड्रियापासून रेल्वे आहे, नवे टँक येतात. पण आता लांबून यायची पाळी त्यांची होती. दोनदा चालून आले, दोन्ही वेळा सरहद्दीपाशी त्यांच्या युनिटवर पिवळे ठिपके, म्हणजे पुरवठा कमी, आणि माझी सगळी हिरवी. पहिल्यांदाच असं झालं. अजून जिंकलेलो नाही, गेममध्ये सप्टेंबर चालू आहे.

एक गोष्ट मात्र तोब्रुकच्या वेळी मनाला लागली. गेममध्ये गावाच्या आग्नेय बाजूच्या हेक्सवर एक काउंटर म्हणजे तुकडीची सोंगटी असते, ११ वी इंडियन ब्रिगेड. त्या ब्रिगेडमध्ये २/५ मराठा लाइट इन्फंट्री होती, आणि २० जूनच्या सकाळी आधी जर्मनांच्या स्टुका बॉम्बर विमानांचा मारा आणि मग टँक, सगळं नेमकं त्यांच्यावर आलं. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं, ३३ हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, त्यात ही पोरं पण. मराठा लाइट इन्फंट्री म्हणजे आपलीच की, रेजिमेंटचं केंद्र बेळगावला, सैन्यात पोरं जाणारी गावं आपल्या जिल्ह्यात शिरोळपासून चंदगडपर्यंत. मी कर्सर नेला आणि बराच वेळ क्लिक केलं नाही.

नंतर त्याबद्दल वाचत बसलो तर कळलं की त्यांच्यासमोरचे सुरुंग आधीच बरेचसे काढून तोब्रुकच्या पश्चिमेकडच्या गझालाच्या ब्रिटिश फळीसाठी नेले होते, आणि टँक अडवायचा खंदक जागोजागी वाळूनं भरून गेलेला. म्हणजे त्यांच्याही वाट्याला टंचाईच आली, एकीकडं पुरेनात म्हणून दुसरीकडचे उचलले.

म्हणून काल ही मोहीम सेव्ह करून ठेवली आणि ब्रिटिश बाजूनं नवीन सुरू केली, मे १९४२ पासून. पहिल्या टर्नला अजून टँकना हात लावलेला नाही. गझालाच्या मागच्या डेपोतून दोन ट्रक युनिट मोकळी केली, त्यांच्यावर सुरुंग आणि टँकविरोधी तोफांचे गोळे भरले आणि आग्नेयेच्या त्या हेक्सकडं पाठवली. तीन टर्न लागतील पोचायला.