नानांचं नाव कुठल्याच रेशनकार्डावर नव्हतं

नानांच्या हृदयात दोन ब्लॉकेज निघाले. खासगी दवाखान्याने सांगितलेला खर्च माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाला झेपणारा नव्हता आणि आमच्या घरात कुणाचाच आरोग्य विमा नाही. शेवटी अँजिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली, एक रुपया न भरता. पण त्याआधी रेशनकार्डापायी जे सोसलं त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पूर्वी पिवळं किंवा केशरी कार्ड लागायचं, आता पांढरंही चालतं. मुख्य अट ही की पेशंटचं नाव कार्डाच्या बारा अंकी ऑनलाइन नंबरात दिसलं पाहिजे.

नानांचं नाव सिन्नर तालुक्यात भावाच्या कार्डावर होतं. आई गेल्यापासून ते माझ्याकडे सातपूरला असतात. रेशनकार्डाच्या कार्यालयात (कुठलं ते लिहीत नाही) खिडकीवर सांगितलं, "पेशंट तुमच्याकडे राहतो ना? मग नाव तिकडून कमी करून आणा." भावाने धावपळ करून नाव कमी केल्याचा दाखला आणला. मी इकडे अर्ज दिला. आणि नाना कुठेच उरले नाहीत. गावच्या कार्डातून गेले, नाशिकच्या कार्डावर चढले नाहीत.

खिडकीवर कधी सर्व्हर बंद, कधी साहेब मीटिंगला, कधी "अर्ज वर गेलाय, मंजुरी आली की दिसेल". वर म्हणजे कुठे, हे कुणी सांगेना. घरी नाना दोन जिने चढून आले की भिंतीला टेकून उभे राहायचे. दवाखान्यातला आरोग्यमित्र (योजनेची कागदपत्रं बघणारा मदतनीस) भला माणूस, तोही हतबल. "दादा, नाव दिसल्याशिवाय मला पुढची पायरी उघडतच नाही," म्हणायचा. त्यानेच ऐकवलं की नाव हलवायची गरजच नव्हती. कार्ड महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावचं असो, त्यावर पेशंटचं नाव असलं की नाशिकच्या योजनेतल्या दवाखान्यात चालतं. हे ऐकून मी खरंच भिंतीवर हात आपटला. रोज शेकडो लोकांना तोंड देणाऱ्या खिडकीवर हे एक वाक्य माहीत नसावं?

म्हणून कळकळीने सांगतो, घरात आजारपण असताना रेशनकार्डावरचं नाव इकडून तिकडे करू नका.

शेवटी हृदयरोगतज्ज्ञांकडून उपचार तातडीचे असल्याचं पत्र घेतलं, अर्जाची पोच जोडली आणि खिडकी सोडून थेट पुरवठा निरीक्षकांसमोर ठेवलं. त्यांनी पत्र वाचलं आणि त्याच दुपारी नाव चढलं. पोच नसती तर अर्ज शोधायलाच आणखी वेळ गेला असता, तेव्हा पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. पुढे मंजुरी, भरती, स्टेंट, सगळं सुरळीत. दवाखान्यातली औषधं, जेवण आणि डिस्चार्जनंतर दहा दिवसांची तपासणी योजनेतच असते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर आरोग्यमित्राला सांगा, नाहीतर १५५३८८ वर फोन करा.

एक राहिलं. पेशंट अत्यवस्थ असेल तर कागदांसाठी थांबू नका, आधी भरती करा. तातडीच्या वेळी फोनवर कळवून मंजुरी घेता येते, कागद मागून देता येतात. सिव्हिलमध्ये तर ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे नाहीत. हृदय, किडनी, कॅन्सरसाठी शालिमारजवळचं संदर्भ सेवा रुग्णालय आहे, तिथेही विचारा. योजनेत न बसणारा आजार असेल तर धर्मादाय रुग्णालयात जा. तिथे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्याच लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा.

नानांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या आता जनऔषधी केंद्रातून आणतो. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं की झालं, खर्च खूपच कमी येतो. त्या गोळ्या मात्र मनाने बंद करायच्या नाहीत.

निफाडला सासूबाईंचंही कार्ड परवा तपासलं. आधारवर नावापुढे 'बाई' आहे, कार्डावर नाही. त्या ठणठणीत आहेत तोवरच दुरुस्तीचा अर्ज दिला, पोच घेऊन.