स्प्लिट : सम्राटाच्या तळघरातला कचरा

स्प्लिटच्या राजवाड्यात शिरायला तिकीट लागत नाही आणि रात्री त्याचे दरवाजेही लागत नाहीत, कारण हा राजवाडा म्हणजेच तिथले जुने गाव आहे. रोमन सम्राट डायोक्लेशियन याने इसवी सन 305 मध्ये आपणहून सत्ता सोडली, आणि उरलेले आयुष्य काढण्यासाठी त्याआधीच आपल्या जन्मप्रांतात, आजच्या क्रोएशियाच्या डाल्मेशियन किनाऱ्यावर, हा प्रचंड वाडा बांधायला घेतला होता. सुमारे 215 मीटर लांब आणि 180 मीटर रुंद अशा त्याच्या तटबंदीच्या आत आज घरे, दुकाने, चर्च, खानावळी आणि वाळत घातलेल्या चादरी असे सगळे एकत्र नांदते.

त्याआधी याच किनाऱ्यावरच्या डुब्रोव्हनिक शहरात काढलेले दिवस गर्दीत आणि पायऱ्या चढण्या-उतरण्यात गेले, त्यांच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. तिथून बसने उत्तरेकडे निघालो आणि 2022 मध्ये वाहतुकीला खुल्या झालेल्या पेल्येशात्सच्या पुलावरून आलो. या पुलापूर्वी बोस्नियाचा समुद्रापर्यंत आलेला चिंचोळा पट्टा ओलांडून जावे लागे आणि त्यासाठी सरहद्दीवर दोनदा थांबावे लागे. ताईचे गुडघे दुखत असल्यामुळे बसमधून विनाकारण उतरावे लागले नाही, याचेच आम्हाला अधिक समाधान वाटले.

राजवाड्यात शिरायचे तर दक्षिणेच्या पितळी दरवाजाने शिरावे, असे माझे मत आहे. पूर्वी समुद्राचे पाणी थेट या दरवाजाला लागत असे. आता मध्ये ताडामाडांचा रुंद फिरण्याचा रस्ता आला आहे आणि तिथे कॉफीचे दर पर्यटकांकडे पाहून ठरवले जातात. दरवाजातून आत गेले की आपण सरळ तळघरात उतरतो. मधल्या दालनात दागिन्यांची आणि लोहचुंबकांची दुकाने आहेत. दोन्ही बाजूंची दालने पाहण्यासाठी मात्र तिकीट काढावे लागते आणि ते अवश्य काढावे, कारण या प्रवासात मला सर्वांत जास्त काळ खिळवून ठेवले ते याच दालनांनी.

इथली जमीन समुद्राकडे उतरती आहे. सम्राटाचे निवासस्थान उरलेल्या वाड्याच्या पातळीत यावे म्हणून खाली दगडी कमानींची ही तळमजल्याची बांधणी केली गेली आणि वर ज्या जागी जशी खोली, तशीच खाली तिच्या मापाची खोली उभी राहिली. सातव्या शतकात जवळचे सालोना हे मोठे शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा तिथले निर्वासित जीव वाचवण्यासाठी या तटबंदीच्या आश्रयाला आले आणि इथेच राहिले. पुढच्या पिढ्यांनी सम्राटाच्या दालनांवर आणि दालनांमधून आपापली घरे उठवली, जिथे खांब सापडला तिथे भिंत टेकवली, आणि घरातला केरकचरा व सांडपाणी जमिनीला भोके पाडून खालच्या तळघरात सोडले. शतकानुशतके हे चालू राहिले. दालने छतापर्यंत भरून गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर ती उपसली गेली, तेव्हा कचऱ्याखाली रोमन बांधकाम जवळजवळ जसेच्या तसे मिळाले. वरचा राजमहाल बहुतांशी नाहीसा झाला आहे; तो कसा होता, सम्राटाचे जेवणघर कोणत्या कोपऱ्यात होते, हे आज खालच्या दालनांवरून सांगता येते.

एका दालनात मी मान वर करून बराच वेळ उभी होते. छताच्या कमानीत हात जाईल एवढे भोक होते, त्याच्या कडा ओघळांनी गुळगुळीत झाल्या होत्या आणि खाली भिंतीवर करडा, दगडासारखा घट्ट झालेला थर अजून चिकटून होता. वर कधीकाळी कुणाचे तरी स्वयंपाकघर असणार. आमच्या पुण्यात शनिवारवाड्याचे महाल 1828 च्या आगीत गेले, उरलेल्या जोत्यांभोवती हिरवळ लावली गेली आणि संध्याकाळी फाटकाला कुलूप लागते. स्प्लिटमध्ये कुलूप लावायला कोणी नव्हते, म्हणूनच एवढा वाडा टिकला, असे मला तिथे प्रकर्षाने वाटले. ताईला हे पटले नाही. शनिवारवाड्यात बिऱ्हाडे घुसली असती तर तिथे आता दगडही दिसला नसता, असे तिचे म्हणणे पडले.

तळघरातून जिना चढून वर आले की एक गोल, उघड्या छताचे दालन लागते आणि त्यापुढे खांबांच्या रांगांनी वेढलेला मुख्य चौक. त्याच्या एका बाजूला सम्राटाची समाधी आहे, म्हणजे होती. ख्रिस्ती धर्मीयांचा कठोर छळ करणाऱ्या या सम्राटाच्या राजवटीत, 304 मध्ये, सालोनाचे बिशप डोम्नियस यांचा शिरच्छेद झाला. पुढे त्याच समाधीचे चर्च झाले, सम्राटाची शवपेटी नाहीशी झाली आणि त्या अष्टकोनी इमारतीत आज पूजा होते ती डोम्नियस यांची. शेजारी काळ्या ग्रॅनाइटचा स्फिंक्स, म्हणजे सिंहाचे धड आणि माणसाचे डोके असलेला पुतळा, बसला आहे. तो सम्राटाने इजिप्तहून आणवला, म्हणजे वाडा बांधला गेला तेव्हाच तो दीड हजार वर्षांहून जुना होता.

या चौकाच्या पायऱ्यांवर बसून हे सारे पाहावे, तर पायऱ्यांवर उशा मांडलेल्या होत्या. ताई त्यांतल्या एकीवर टेकली आणि लगेच एक तरुण वेटर येऊन, उशी हवी असेल तर पेय मागवावे लागेल, असे अत्यंत नम्रपणे सांगून गेला. उशीशिवाय बसल्यास हरकत नव्हती, परंतु उशी नसलेली पायरी शोधण्यासाठी चौकाचे टोक गाठावे लागले. "सतराशे वर्षांच्या दगडावर बसायचे आणि याला लिंबूपाण्याचे पैसे द्यायचे!" असे ताई मराठीत म्हणाली, आणि बसली. बोटींमधून उतरलेले मोठमोठे गट झेंड्यामागे येत-जात होते. सकाळी आठच्या आत आलात तर हाच चौक तुमचा असतो, एवढे मात्र खरे.

खाण्याची आबाळ झाली नाही. पूर्वेच्या रुपेरी दरवाजाबाहेरच्या बाजारात सोपार्निक मिळाले: पातळ लाटलेल्या दोन पोळ्यांमध्ये पालकासारखी पालेभाजी आणि कांदा भरून भाजलेले, वर लसूण आणि ऑलिव्हचे तेल. आम्ही दोघी शाकाहारी असल्यामुळे जवळजवळ रोज तेच खाल्ले.

आमची खोली तटबंदीच्या आतच, तिसऱ्या मजल्यावर होती. पहाटेपासून खालच्या गुळगुळीत फरशीवरून चाकांच्या बॅगा खडखडत जात, त्यामुळे झोप लवकर मोडे. घरमालकीणबाईंच्या आजीचे हे घर. त्या स्वतः आता शहराबाहेरच्या वसाहतीत राहतात आणि पाहुणे बदलले की चादरी बदलायला येतात. त्यांच्या जिन्यावरची इतर घरेही आता अशीच भाड्याने दिली जातात. ताईने त्यांना विचारले, "मग हिवाळ्यात इथे कोण असते?" त्या म्हणाल्या, "हिवाळ्यात आम्ही रंगकाम काढतो."