कलशाच्या तोंडी

पूजेला बसलं की गुरुजी एका दमात म्हणून टाकतात तो श्लोक, ‘कलशस्य मुखे विष्णुः कण्ठे रुद्रः समाश्रितः’. बुडाशी ब्रह्मदेव, मध्ये मातृगण. एका तांब्यात एवढी मंडळी दाटीवाटीने राहतात आणि त्यात तोंडाची जागा विष्णूच्या वाट्याला आली आहे, हे मला फार पटतं. कलशाची सगळी मदार तोंडावर. पोट काय, सगळ्यांचं गोलच. तोंडाशी काय केलंय ते बघावं, म्हणजे तो कशासाठी मांडलाय ते कळतं.

आमची आत्या पूजेचा तांब्या घ्यायला निघाली की पिशवीत एक नारळ टाकायची. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत तेव्हा हातोडीने मठारलेली भांडी सहज मिळायची. दुकानदार वजन सांगत राही, हिचं लक्ष काठाकडे. पाच विड्याची पानं तोंडाशी लावायची, वर नारळ ठेवायचा आणि बोटाने हलकेच ढकलून बघायचा. गळ्यात रुतून बसला तर पानं चेपतात, काठावर नुसता टेकला तर आरतीच्या गडबडीत कलंडतो. मधला कुठलातरी बरोबर, तो घ्यायचा. दुकानात चार गिऱ्हाइकं हसायची. मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण तिच्या घरच्या पूजेत नारळ कधी गडगडला नाही हेही खरं.

सत्यनारायणाला याच तोंडावर तांदूळ भरलेलं ताम्हण येतं आणि त्यात बाळकृष्ण बसतो. खाली पाणी, सुपारी, नाणं, दूर्वा, वर देव. नवरात्रात घट बसतो तेव्हा माळ आणि भोवतीचं धान्य एवढा भाव खातात की घटाच्या तोंडाकडे फारसं कोणी बघत नाही. पाडव्याला तर सरळ काठीवर पालथा. एरवी रिकामं भांडं पालथं घातलं की म्हाताऱ्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या एका दिवशी तेच दारात उंच मिरवायचं.

काशीहून येणाऱ्या गंगेच्या गडूला मात्र तोंड असून नसल्यासारखं. झाकण ठेवून डाक लावून कायमचं बंद. यात्रेहून परतलं की मावंदं घालायचं, गंगेची पूजा करायची, एखादा गडू फोडून तीर्थ वाटायचं आणि बाकीचे देवघरात ठेवून द्यायचे. का, तर शेवटच्या घटकेला तोंडात घालायला गंगाजल घरात हवं. प्रत्यक्ष ती वेळ आली की जी तारांबळ उडते ती मी पाहिली आहे. माणूस जाण्याच्या वाटेवर, आणि एक जण स्क्रूड्रायव्हर शोधतोय, दुसरा सुरीने डाक खरवडतोय. कुणीतरी म्हणालं, ‘अरे, आधीच उघडून ठेवायला नको का?’ त्यावर कोण काय बोलणार!

अस्थिकलशाच्या तोंडाला फडकं. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडल्या, मडक्यात भरल्या, वरून कापड बांधलं, झालं. तो घरात आणायचा नाही अशी बऱ्याच ठिकाणी रीत, म्हणून स्मशानातल्या झाडाला टांगतात किंवा तिथल्याच खोलीत फळीवर ठेवतात. तशी एक फळी मी निरखून पाहिली आहे. ओळीने मडकी, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, तीवर नाव आणि तारीख. एका चिठ्ठीवर आडनावानंतर कंसात ‘सर’ असंही लिहिलं होतं. पुढे नाशिकचं रामकुंड किंवा आळंदीची इंद्रायणी, जिथं ज्याची सोय.

थोरामोठ्यांचे कलश इतक्या लवकर सुटत नाहीत. गांधीजींच्या रक्षेचे वाटे देशभर गेले. त्यातला एक कटकच्या बँकेत लॉकरमध्ये पडून होता, त्याचं विसर्जन प्रयागच्या संगमावर झालं ते 1997 साली. आणखी एक 2008 मध्ये गिरगाव चौपाटीजवळ समुद्रात सोडला गेला. म्हणजे साठ वर्षं ते फडकं कुणी सोडलंच नव्हतं.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजने 1968 पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकरी तान्ही मुलं गेली की त्यांना राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. दोन राखी रंगाचे रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून, आत मूल. झाकण नाही, कापड नाही. एका भांड्याला दुसऱ्या भांड्याचंच झाकण. मोठ्यांना साधारणपणे नुसत्या खड्ड्यात आडवं ठेवत. एक पुरुष मात्र पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेला सापडला. त्या घराला धान्याचं कोठारही होतं. मानाचा माणूस असणार, मेल्यावरही बैठक सोडली नाही.

आणि तोंडाला बूच असलेला एक कलश लंडनला लॉर्ड्सच्या क्रिकेट मैदानावर आहे. उंची जेमतेम अकरा सेंटिमीटर, भाजक्या मातीचा. 1882 मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला हरवलं तेव्हा एका वर्तमानपत्राने इंग्लिश क्रिकेट वारल्याची बातमी थट्टेने छापली आणि रक्षा ऑस्ट्रेलियाला नेणार म्हणून कळवलं. पुढच्या दौऱ्यात इंग्लंडचा कप्तान आयव्हो ब्लाय याला हा कलश भेट मिळाला. आत यष्ट्यांवरची जळलेली बेल आहे असं सांगतात, कोणी म्हणतं आणखी काही. ही रक्षा कुठल्या नदीत सोडायची हा प्रश्न साहेबाला पडलेला नाही. या रक्षेवरूनच इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या कसोटी मालिकेला ‘ॲशेस’ म्हणतात. ती कोणीही जिंको, कलश लॉर्ड्सच्या संग्रहालयातच राहतो. 2006-07 मध्ये मोठ्या बंदोबस्तात त्याला ऑस्ट्रेलियात प्रदर्शनासाठी फिरवून आणलं. त्या मालिकेत ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला 5-0 असं धुतलं, आणि कलश परत लंडनला.