ही इथे टिकते कशी?

जीवशास्त्राच्या बाई आमच्या वह्या तपासताना आकृतीतल्या रेषेवर पेन्सिल टेकवून विचारायच्या, "ही इथे टिकते कशी?" नुसतं नाव लिहून त्यांच्याकडून सुटका नसे. पेशीपटलाच्या रेषेवर त्यांनी हे विचारलं, तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मागे लागला आणि पुढे तेच माझं काम झालं. म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्याच विषयावर लिहिते आहे.

पेशीपटल म्हणजे मेदरेणूंचा दुहेरी थर, जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर. त्याला तीव्र वळण द्यायचं तर ऊर्जा लागते. तरीही रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या, चरबीच्या आणि स्नायूंच्या पेशींवर 50 ते 100 नॅनोमीटरचे, अरुंद तोंडाचे खळगे दाटीवाटीने असतात. 1953 मध्ये जॉर्ज पॅलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ते पाहिले, 1955 मध्ये यामादा यांनी त्यांना कॅव्हिओला म्हटलं. मग ते टिकतात कशाने?

मुख्य प्रथिन कॅव्हिओलिन. ते पटलाच्या आरपार जात नाही. पेशीच्या आतल्या बाजूनेच पटलात रुततं, आणि त्याची दोन्ही टोकं आतच राहतात. 2022 मध्ये त्याची रचना उलगडली: 11 रेणू मिळून एक गोल चकती. तिची पटलाकडची बाजू चक्क सपाट निघाली! सपाट चकत्यांपासून गोलसर खळगा कसा घडतो, यावर अजून वाद आहेत. खळगा हिऱ्यासारखा पैलूदार असावा, हा तर्क मला पटतो. एकट्या कॅव्हिओलिनने सहसा भागत नाही. खळग्याभोवती पेशीच्या आतल्या बाजूने कॅव्हिन प्रथिनांचं आवरण लागतं, भरपूर कोलेस्टेरॉल लागतं, आणि तोंडाशी ईएचडी2 हे प्रथिन खळग्याला जागेवर धरून ठेवतं.

पेशी ताणली गेली की हे खळगे सपाट होतात आणि पटलाला जास्तीची जागा मिळते, त्यामुळे ते फाटत नाही. 2011 मध्ये हे प्रयोगाने दिसलं. स्नायूंमध्ये त्याचं मोल फार मोठं: तिथल्या कॅव्हिओलिन-3 च्या जनुकात दोष असेल तर स्नायू दुबळे होतात. कॅव्हिन-1 च्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या मुलांच्या अंगावर चरबीही नीट साठत नाही.

या खळग्यांची सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रं मी शाळेच्या प्रयोगशाळेसाठी पाठवते आहे. नववी-दहावीच्या मुलामुलींनी ती जरूर पाहावीत.