पाणी आरशासारखं होतं, तिथंच फसलो असतो

तळ्यांची कामं करायला लागून बरीच वर्षं झाली, पण मासे पिशव्यांमध्ये समोर आणि सोडायचे कुठं याचा पत्ता नाही, अशी वेळ एकदाच आली.

तळं मीच खणलेलं. साधारण 10 हजार लिटरचं, प्लॅस्टिकचं काळं अस्तर, मधे साडेतीन फूट खोल आणि कडेला झाडांसाठी फूटभर खाली पायरी. अस्तर टाकून मी दुसऱ्या कामावर गेलो आणि तेवढ्यात मालक काकांनी गवंडी बोलावून सगळ्या कडेनं सिमेंटमध्ये दगड बसवून घेतले, लगेच पाणीपण भरून टाकलं. मला फोनवर एवढंच, की कडा मस्त झालीये, मासे शनिवारी येतायत, तुम्ही झाडं घेऊन या.

गेलो. पाणी असं स्वच्छ की तळाच्या अस्तराची घडी न् घडी दिसत होती. काका खूश, मीपण खूश, खोटं कशाला बोलू. झाडं लावायला बसलो. वॉटर लिली टोपलीत लावायची तर बागेतली जड मातीच लागते, कुंडीतली भुसभुशीत माती पाण्यात वर तरंगत येते. वर खडे पसरायचे, नाहीतर गोल्डफिश सगळं उकरून ठेवतात. (काकांना आधी कोई, म्हणजे ते मोठे रंगीत जपानी मासे, हवे होते. म्हटलं लिली किंवा कोई, दोन्ही नको, ते मुळासकट उपटतात.) टोपली आधी विटांवर उंच ठेवायची, पानं पाण्याच्या वर आली की एकेक वीट काढायची.

दुसरी टोपली ठेवताना लक्षात आलं, हात खरखरीत झालेत, चुन्याचं काम केल्यावर होतात तसे. मग कडेला नीट बघितलं तर काळ्या अस्तरावर पाण्याच्या रेषेला बारीक पांढरा पट्टा. टेस्ट किट काढला. त्याचा तक्ता पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) 9 पर्यंतच जातो आणि नळीतला रंग त्या शेवटच्या चौकोनापेक्षाही गडद. परत केलं, तेच. ताज्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरत होता.

आणि दुपारी एकला मासे आले. पाच पिशव्या, साठ गोल्डफिश.

काका म्हणाले, "अहो, वीस मिनिटं पिशव्या पाण्यावर ठेवू, मग सोडू, तुम्हीच सांगता ना!" सांगतो, पण त्यानं फक्त तापमान जुळतं. बंद पिशवीत माशांच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली येतो, आणि त्यामुळंच माशांच्या घाणीतून आत साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. त्यात हे चुन्याचं पाणी थोडं थोडं मिसळलं असतं तर पीएच चढून तोच अमोनिया विषारी झाला असता, म्हणजे मासे पिशवीतच गेले असते. हे मी समजावतोय तोवर काकांनी एक पिशवी सोडून मगभर पाण्यातून एक मासा तळ्यात सोडलापण. "एकच हो, बघू तरी."

बघितलं. तो बाणासारखा सुटला, अस्तरावर दोनदा आपटला, मग पंख अंगाशी चिकटवून एका जागी थरथरत राहिला. पाच-सात मिनिटांत मी जाळीनं काढला तेव्हा अंगावर दुधाळ साय आल्यासारखी दिसत होती. संध्याकाळी गेला. काका त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत, स्वतःच टब धुवायला लागले.

झाडं आणलेले तीन मोठे टब, त्यात नळाचं पाणी, क्लोरीन मारायला थायोसल्फेटचे खडे, आणि एअर पंप. नशीब माझं की गाडीत एका जुन्या तळ्याच्या फिल्टरचा स्पंज होता, नव्या फिल्टरमध्ये बॅक्टेरिया लवकर बसावेत म्हणून आणलेला. तो कापून तिन्ही टबांत टाकला. तरी रोज निम्मं पाणी बदलायला लागत होतं, ते काम काकांनी केलं, तक्रार न करता, हे सांगायला हवं.

तळं दोनदा उपसलं, कडा ब्रशनं घासली, सुकवून सीलर मारला. तिसऱ्यांदा भरल्यावर आठवडाभर पीएच 8 च्या आसपास टिकला तेव्हा पहिले पंधरा मासे सोडले. सगळे एकदम नाही, कारण नव्या तळ्यात माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया जमायला चार-सहा आठवडे जातात, तोवर अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट, तेही विषारीच, मोजत बसायचं. साठातले एकूण सात गेले.

परवा काकांचा फोन. "पाणी हिरवं झालंय, उपसू का?" म्हटलं अजिबात नको, ऊन आहे, खत आहे, शेवाळ येणारच, लिलीच्या पानांनी अर्धं तळं झाकलं की आपोआप कमी होईल. "पण मासे दिसत नाहीत ना!" हे त्यांचं अजून चालूच आहे.